जमिनीचे आणि घरांचे ड्रोन फोटो : दापोलीकडचा अनुभव, तुमचा सल्ला हवा

जांभाचिरा

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातला. लग्नाचे फोटो हा मूळ धंदा. २०२१ मध्ये ड्रोन घेतला आणि तेव्हापासून जमिनी, कलमांच्या बागा, जुनी घरं विकायला काढणाऱ्यांना फोटो नि व्हिडिओ करून देतो. मालक बहुतेक मुंबईला, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. दोघांनाही जागेवर सारखं येणं जमत नाही, त्यामुळे माझ्या फोटोंवर फार काही ठरतं. म्हणूनच हा धागा काढतोय.

मागच्या महिन्यात समुद्राकडच्या एका गावात साडेपाच गुंठ्यांची जागा होती. एजंट म्हणाला, वरून फोटो काढ आणि हद्दीवर लाल रेघ मारून दे. मालकांनी फोनवर हद्द सांगितली : या गडग्यापासून (दगडी बांधापासून) त्या फणसापर्यंत. मी तशी रेघ मारली. फोटो व्हॉट्सॅपवर फिरला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातले काका माझ्या दारात उभे. फणस त्यांच्या आजोबांनी लावलेला. आवाज न चढवता म्हणाले, "अरे, निदान मला एक हाक तरी मारायचीस." मी फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे गेला होता. पुढे मोजणी झाली. फणस काकांच्याच हद्दीत निघाला आणि गडगासुद्धा एका टोकाला हद्दीवर नव्हता.

त्या दिवसापासून मी 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात आल्याशिवाय फोटोवर रेघ मारत नाही. 'क' प्रत असली तरी रेघेऐवजी मोजणीचे दगड जागेवर चुन्याने रंगवून घेतो आणि दगडांसकट फोटो काढतो. जे जमिनीवर आहे तेच फोटोत येतं.

आता कामाबद्दल. सुरुवातीला मीही ड्रोन वर वर नेत होतो. १२० मीटरवरून सगळं छान दिसतं, पण आपली जागा रुमालाएवढी होते. माझ्या मिनी टू ड्रोनचं भिंग ३५ मिमी कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ मिलिमीटरचं. सरळ खाली बघितलं तर ६० मीटरवरून साधारण ८५ बाय ६५ मीटरचा तुकडा चौकटीत येतो, म्हणजे चौरस आकाराचा एक एकर जेमतेम बसतो. पाच-सहा गुंठ्यांना ३० मीटर पुरे. घर असेल तर याहून खाली यायचं. कौलारू घर सर्वांत चांगलं दिसतं ते आठ-दहा मीटरवरून, पागोळीच्या जरा वर, जिथून पडवी, अंगण आणि तुळस एका नजरेत येतात. एवढ्या उंचीवर घराचं घरपण राहतं.

व्हिडिओत पहिली दहा सेकंदं मी रस्त्याला देतो. डांबरी सडकेवरून जागेपर्यंत कसं यायचं, कुठे डांबर संपतं, कुठून पायवाट, गाडी दारात येते की सत्तर पावलं चालायचं. आमच्याकडे निम्मी भांडणं वाटेवरून होतात. बघणाऱ्याला ती वाट आधी दिसलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. समुद्राचंही तसंच. ४० मीटरवरून समुद्र दिसतो, ओटीवरून दिसत नाही. म्हणून मी एक फोटो ड्रोनने माणसाच्या उंचीवर, अंगणात उभा ठेवून काढतो आणि खाली लिहितो : 'घरासमोरून दिसणारा देखावा'. मग दुसरा वरचा.

वेळ सकाळची. सात ते साडेनऊ. तोवर मतलई वारा मंद असतो. अकरानंतर खारा वारा सुटला की माडांच्या झावळ्या हलायला लागतात आणि व्हिडिओत सगळं बारीक पान एकमेकांत मिसळून जातं. घर पश्चिमेला तोंड करून असेल तरच संध्याकाळी जायचं. ऋतू विचाराल तर गणपतीनंतर पाऊस थांबला की ते कार्तिकापर्यंत. गवत हिरवं, हवा धुतलेली. पण तेव्हाचा फोटो दाखवून मार्चात विकू नये. मी आता बागेचे दोन फोटो देतो, एक ऑक्टोबरातला आणि एक एप्रिलमधला. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये कुठे असतं तेही त्यात येतं.

विचारायचं हे : १) तुम्ही शेजाऱ्यांना आधी सांगता का? २) हद्द दाखवायचा दुसरा मार्ग आहे का? ३) शहरात परवानगीचं कसं करता?

मुळाकाठ

छान धागा. वाचनखूण साठवली.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मी पुण्यात फ्लॅट आणि बंगल्यांचे फोटो काढतो. लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. विमाननगर, वडगाव शेरी, खराडी हे सगळं त्याला इतकं लागून आहे की तिथे ड्रोन काढायचाच नाही. पश्चिमेला खडकवासल्याची एनडीए, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळा कारखाना. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशा उघडला की पुण्याचा बराच भाग लाल (मनाई) नाहीतर पिवळा (परवानगी हवी) दिसतो. हा नकाशा मी प्रत्येक कामाच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी बघतो, कारण पोलिस तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतात, ९६ तासांपर्यंत. शिवाय मोठे सण किंवा पाहुणे असले की पोलिस आयुक्तांचा जमावबंदीसारखा आदेश निघतो, त्यात ड्रोनला मनाई असते.

मग काम कसं करतो? अॅल्युमिनियमचा आठ मीटरचा जोडखांब घेतलाय. वर कॅमेरा, खाली मोबाइलवर चित्र. बंगला, रो-हाऊस, तीन मजली इमारत, सगळं यातून होतं. गिऱ्हाइकाला फोटो ड्रोनचा की खांबाचा हे कळतही नाही. उंच इमारतीसाठी समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन काढतो. सेक्रेटरींना आधी लेखी पत्र देतो आणि काम झाल्यावर त्यांच्या सोसायटीचाही एक चांगला फोटो भेट देतो. पुढच्या वेळी दार आपोआप उघडतं.

मागीलदार

जांभाचिरादादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी बाईमाणूस म्हणून देते.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. न्हाणी मागच्या दारी, तीन बाजूंनी चिऱ्याचा आडोसा आणि वर आभाळ. पिढ्यानपिढ्या असंच आहे, कारण वरून कोणी बघेल हे कोणाच्या मनातच नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात शेजारची जागा विकायला निघाली आणि एका सकाळी आठला डोक्यावर घोंघों सुरू झालं. सासूबाई न्हाणीत होत्या. ऐंशी वर्षांची बाई अंगावर पातळ धरून पंधरा मिनिटं तशीच बसून राहिली. नंतर किती दिवस त्या अंधार असतानाच आंघोळ उरकायच्या.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. मी स्वतः त्याच्याकडे जाऊन व्हिडिओ बघितला, त्यात आमची न्हाणी अर्धा सेकंद येऊन जाते. त्याने ते कापून टाकलं. पण सासूबाईंना ते कसं समजावणार? तुम्ही सकाळी सात ते साडेनऊ म्हणालात, तीच घराघरांत आंघोळीची वेळ असते. आदल्या दिवशी येऊन सांगा. फोन नको, दारात या. बायकांना सांगा, नुसतं पुरुषांना सांगून जाऊ नका.

जांभाचिरा

ताई, हे वाचून थांबलो. मी शेजारी सांगतो ते आजवर ओटीवर बसलेल्या बाप्यांनाच सांगत आलो. उद्यापासून आदल्या संध्याकाळी दोन्ही-तिन्ही घरी जाऊन आत हाक मारून सांगेन, आणि आठ ते साडेआठ असं नेमकं सांगेन, म्हणजे बाकीची सकाळ त्यांची त्यांना मोकळी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

साखळी_सोळा_आणे

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त. दुसऱ्या प्रश्नावर जरा लांबलचक लिहितो, कारण या रेघांनी घरं फुटलेली मी पाहिली आहेत.

आम्ही शंकू साखळीने मोजणी शिकलो. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा, १०८९ चौरस फूट. पुढे प्लेन टेबल, मग अंतर नि कोन मोजणारं ईटीएस यंत्र, आता उपग्रहावर चालणारे रोव्हर. रोव्हर सेंटिमीटरमध्ये बोलतो, कारण त्याला जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून दुरुस्ती मिळत असते. तुमच्या हातातल्या साध्या ड्रोनला ती मिळत नाही. तो स्वतःची जागा दोन-तीन मीटर इकडेतिकडे सांगू शकतो. आता हिशेब करा. पाच गुंठ्यांचा चौरस प्लॉट म्हणजे बाजू साडेबावीस मीटर. एका बाजूची रेघ तीन मीटर सरकली तर साडेसदुसष्ट चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश गुंठा इकडचा तिकडे गेला. कोकणातल्या आजच्या भावात तो केवढ्याचा होतो ते सांगायला नको.

आणि हे झालं यंत्राचं. माणसाचं त्याहून अवघड. गडगा म्हणजे हद्द नव्हे. गुरं आत येऊ नयेत म्हणून आजोबाने जिथे चिरे मिळाले तिथे घातलेला तो बांध. त्यात हिस्सा नंबर पडलेले, सातबारावर अकरा नावं, त्यातली तीन मयत. मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना नोटीस का देतात? कारण हद्द ही दोघांची असते. एकाला विचारून ती काढता येत नाही. काकांनी तुम्हाला तेच सांगितलं.

स्वामित्व योजनेत सरकार गावठाणं ड्रोननेच मोजतं, मग आम्ही का नको, असं मला तरुण मुलं विचारतात. २०२० साली २४ एप्रिलला ती योजना सुरू झाली. पण तिथे ड्रोन उडण्याआधी ग्रामसभा होते, लोक स्वतः येऊन आपापल्या मिळकतीच्या कडा चुन्याने आखतात, आणि नंतर नकाशावर हरकती घेतात. ड्रोन त्या चुन्याचा फोटो काढतो. तुम्ही दगड रंगवून फोटो काढता ही त्याच जातीची गोष्ट आहे, म्हणून मला आवडली. फोटोखाली मोजणीचा रजिस्टर नंबर आणि तारीख लिहीत जा, आणि 'हा फोटो मोजणी नकाशा नाही' हे मोठ्या अक्षरात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मी इथे घरविक्रीचं लायसन्स घेतलेली एजंट आहे, ड्रोन नवरा उडवतो. साखळीकाकांच्या मुद्द्याला इथली एक हकीकत जोडते. नॉर्थ कॅरोलिनात एक ड्रोनवाला जमिनींचे वरून नकाशे करून द्यायचा. तिथल्या सर्व्हेअरांच्या बोर्डाने त्याला अडवलं, की मोजमाप आणि हद्दी दाखवणं हे लायसन्सधारी सर्व्हेअरचं काम. तो २०२१ मध्ये कोर्टात गेला, म्हणाला हे माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य. २०२४ च्या मे महिन्यात फेडरल अपील कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. साता समुद्रापार वाद तोच.

इथे घर विकण्यासाठी फोटो काढणं म्हणजे धंद्याचं उड्डाण. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी 'पार्ट १०७' म्हणजे धंद्याच्या ड्रोनच्या नियमांची परीक्षा आणि नोंदणी दोन्ही लागतं. भारतात कसं आहे?

चार_पाती

भारतातलं मी सांगतो. ड्रोन नियम २०२१, लागू २५ ऑगस्ट २०२१ पासून. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, धंद्यासाठीही नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर नाही, पण पैसे घेऊन उडवला की लागतं. ते डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थेतून मिळतं. वय १८ ते ६५, दहावी पास. मुदत दहा वर्षं. विभागांचे नियम मात्र सगळ्यांना, नॅनोलाही. हिरव्या भागात कमाल १२० मीटर, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर. मोडले तर दंड एक लाखापर्यंत.

यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. मिनी थ्री प्रो २४९ ग्रॅमचा, पण त्याला मोठी 'प्लस' बॅटरी लावली की तो २५० च्या वर जातो, म्हणजे मायक्रो झाला. पात्यांची जाळी लावली तरी तेच. दहा मिनिटं जास्त उडायच्या मोहात माणूस नकळत दुसऱ्या नियमात शिरतो. साधी बॅटरी तीन घ्या, प्रत्येक वीस मिनिटं धरा, आणि २५ टक्के राहिली की खाली.

नवीन घेणाऱ्यांसाठी : ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. बिल नसलेला माल घेऊ नका.

अपघातांबद्दल दोन शब्द. गच्चीवरच्या स्लॅबवरून उडवू नका, आतल्या सळ्यांनी होकायंत्र चुकतं. मोकळ्या मातीवरून उडवा. परतीची उंची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन जिथवर चढून मग परत येतो ती, नेहमी तपासा. आणि डोंगरउतारावर लक्षात ठेवा, स्क्रीनवरची उंची तुम्ही जिथून उडवलात तिथून मोजलेली असते. खालच्या आळीतून उडवून वरच्या आळीकडे नेलात तर स्क्रीनवर ४० मीटर दिसतील आणि खाली झाडाचा शेंडा पाच मीटरवर असेल.

जांभाचिरा

परतीच्या उंचीचं अगदी खरं. माझा एक ड्रोन त्यातच गेला. अंगणातून उडवला होता, परतीची उंची ४० ठेवलेली, म्हणजे माडांच्या वर. पण सिग्नल तुटला तेव्हा तो आंब्याच्या आड, फांदीखाली होता. सरळ वर चढला आणि फांदीत अडकला. आता झाडाखाली नेतच नाही.

आणि आमच्याकडे समुद्री गरुडाची घरटी असतात, उंच झाडांवर, सुरूंवर. थंडीत पिल्लं असतात. गरुड किंवा घार घिरट्या घालायला लागली की मी काम सोडून देतो. फोटो उद्या निघेल.

वाजवी_भाव

सगळे आदर्शवादी बोलताय. मी वीस वर्षं जमिनीच्या व्यवहारात आहे. गिऱ्हाईक पहिला फोटो तीन सेकंद बघतं. त्यात विजेची मोठी लाइन दिसली की पुढे जातं, जागेवर येतच नाही. आल्यावर मी स्वतः सांगतो की लाइन आहे, भावही त्याप्रमाणे कमी. मग फोटोतून तारा पुसल्या, गवत जरा हिरवं केलं तर कोणाचं नुकसान? जाहिरात ही जाहिरात असते.

कलम_पंचावन्न

वकील आहे म्हणून लिहितो. प्रकल्प असेल, बिल्डर असेल, तर रेरा कायद्याचं कलम १२ बघा. जाहिरातीतल्या खोट्या चित्रावर विसंबून ज्याने पैसे दिले त्याला भरपाई मिळते, आणि हवं तर तो पैसे परत घेऊन बाहेर पडू शकतो. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, तो ड्रोनच्या व्हिडिओवरही टाका. एकट्या मालकाची जमीन असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ : सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायला हवा. फोटोतून तारा पुसणं ही तर सांगण्याच्या उलटी कृती. उद्या वाद झाला की तोच फोटो पुरावा म्हणून येतो, आणि काढणाऱ्यालाही साक्षीला बोलावतात.

मागीलदार ताईंसाठी : कोणी मुद्दाम असं चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. तुमच्या प्रकरणात हेतू नव्हता हे तुम्हीच बघितलंत. पण गावात माहीत असू द्या.

जांभाचिरा

वाजवी_भाव दादा, तुम्ही जागेवर खरं सांगता यावर माझा विश्वास आहे. पण माझं काम फोटोवर संपतं. तो फोटो पुढे ज्याच्या हातात पडेल तो तुमच्यासारखा सांगेलच असं नाही. आणि आमची गिऱ्हाइकं पहाटे चारला मुंबईहून निघून सहा-सात तास गाडी चालवून येतात. मुलं झोपलेली, डब्यात थालीपीठं. ती माणसं येऊन तारा बघून परत जाताना मी पाहिली आहेत. तारा मी पुसणार नाही. लाइनपासूनचं अंतर टेपने मोजून फोटोखाली लिहीन, म्हणजे ज्याला चालतं तोच येईल.

वाजवी_भाव

अंतर लिहिण्याची कल्पना बरी आहे. एका प्लॉटवर करून बघू. पण दुसरा फोटो म्हणून टाकेन, पहिला नाही.

चार_पाती

व्हिडिओबद्दल कोणीतरी निरोपात विचारलंय म्हणून इथेच लिहितो. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, भर उन्हात उजेड कमी करणाऱ्या एनडी काचेशिवाय जमणार नाही. वेग सेकंदाला दोन मीटर. एका वेळी एकच हालचाल. पुढे जाताना वळायचं नाही, वळताना चढायचं नाही. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), आणि कमी-जास्त उजेडाचे तीन एक्स्पोजर घ्या, कौलांची सावली आणि आभाळ दोन्ही सांभाळायला.

परतीची_एसटी

धागा पहिल्यापासून वाचला. जांभाचिरा, एक वेगळं काम आहे. आमचं घर तुमच्याच तालुक्यात. मार्चमध्ये विकायचं ठरलं, पाचही भावंडांच्या सह्या झाल्या आहेत. जाहिरातीसाठी काहीच नको, गिऱ्हाईक ठरलंय. आई ठाण्याला असते, पायऱ्या उतरत नाही. तिला घर एकदा बघायचंय. ती म्हणते, वेशीवरच्या पारापासून विहिरीपर्यंतची वाट दाखव, मी लग्न होऊन त्या वाटेने चालत आले. करून द्याल का?

जांभाचिरा

नक्की. पण ती वाट वरून घेत नाही. ड्रोन डोक्याच्या उंचीवर, माणूस चालतो त्या वेगाने नेतो, पारापासून विहिरीपर्यंत. मध्ये झाडांची गर्दी असेल तिथे हातातला कॅमेरा घेऊन स्वतः चालेन आणि दोन्ही जोडून देईन. शेवटी विहिरीवरून हळू वर जाऊन घर, वाडी, शेजार सगळं दाखवतो.

शेजारच्या घरांची नावं निरोपात कळवा, आदल्या संध्याकाळी जाऊन येतो. आणि आईंना विचारून ठेवा, त्या आल्या तेव्हा सकाळ होती की संध्याकाळ. त्याच वेळचं ऊन घेऊ.

परतीची_एसटी

विचारलं. दिवेलागण होती म्हणाली.